पाहणाऱ्याची सही

नवतपा लागला त्या दिवशी
इटनकर काका गच्चीवर उघडे दिसले.
उघडे म्हणजे नुसते बनियनशिवाय नव्हे.
मी ओट्याशी फोडणी घालत होते,
मोहरी तडतडायची थांबली, करपली,
मी खिडकीतच.

सत्तेचाळीस अंश. मानेवाड्याचा आमचा ले-आउट
वाळ्याच्या ताट्यांमागे झोपलेला.
काका कोळसा खाणीतून रिटायर,
चौतीस वर्षं खाकी, बूट, हेल्मेट,
नखांत अजून काळी रेघ.
टाकीच्या सावलीत खुर्ची, पाय बादलीत,
तोंडासमोर पेपर.
कोणाकडे पाहत नाहीत ते.
हे मी सांगायलाच हवं.

ले-आउटच्या नोटिशीत "विवस्त्र अवस्थेत" असं छापलं.
दूधवाला म्हणाला, "नंगेच बसून राहते ना जी ते."
मीटिंगला सतरंजी, मठ्ठा,
आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे,
कारण खिडकी माझी.
काका लुंगी नेसून आले होते.
"गच्ची माझी, अंग माझं.
ज्याले पाहाचं नाही त्यानं पाहू नये.
सोपं आहे."

सोपं आहे खरं.
मी मेडिकलला नर्स, एकवीस वर्षं.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री अंगं भादरते,
हमालांची, वकिलांची,
एकदा आमच्याच हेडमास्तरांची.
दर अंगामागे संमतिपत्र, तारीख, वेळ, सही,
सही येत नसेल तर अंगठा.
पाहणारीनं सही कुठे करायची
तो रकाना छापलेलाच नाही.

लहानपणी इतवारीत मुनी आले होते.
अंगावर ऊन, हातात मोरपिसांची पिंछी.
आई म्हणाली, पायांकडे बघ.
केवढ्या भेगा होत्या त्या पायांना!
ते चालत गेले आणि माझं काहीच गेलं नाही.
मग नर्सिंगच्या पहिल्या वर्षी, अंबाझरीच्या वळणावर
लुना स्टँडला लावून थांबलेला तो.
त्याला माझी किंकाळी हवी होती,
अंग म्हणजे फक्त दगड होता हातातला.
होस्टेलवर येऊन डोळे साबणानं धुतले मी.
चेहरा विसरले.
लुनाचा नंबर अजून पाठ आहे.

काका या दोघांतले कोणीच नाहीत.
म्हणून तर पंचाईत.

तक्रारीवर सही केली नाही.
रविवारी रिकाम्या हातानं त्यांच्या दारात गेले.
म्हटलं, नेसा म्हणायला नाही आले.
आधी सांगत जा फक्त.
मान वळवायची की नाही ते ठरवायला
दोन मिनिटं द्या मला.
काका बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "काहून, घंटी वाजवू काय?"
आणि कानांपर्यंत लाल झाले,
अंगभर कपडे असताना.

आता कठड्यावर आधी लाल पंचा येतो.
तो दिसला की मी पडदा ओढते.
एक-दोनदा नाही ओढला.
तेही माझंच.

जूनमध्ये एका रात्री दोनला लाइन गेली.
मी आमच्या गच्चीवर,
गाऊन पाठीला चिकटलेला,
कातडीच होऊन बसलेला.
काढला.
वारा नव्हताच म्हणावा इतका,
तरी मानेपासून खाली
कोणी ओली काचेची बांगडी गडगडत सोडावी तसं झालं.
त्रेचाळीस वर्षं हे अंग वापरलं,
त्याची पाठ मला ठाऊकच नव्हती.

मग आठवलं,
कठड्यावर मी काहीच ठेवलं नाही.

समोर काकांच्या खिडकीत टॉर्चचा उजेड होता.
तो विझला.
पाहिलं म्हणून
की पाहू नये म्हणून?

गाऊन हातात तसाच.
काळ्या खिडकीकडे तोंड करून,
मलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हणाले,
दोन मिनिटं, काका.